चौदा खुंट्या

३ मार्च, रविवार

फादर किरिनो प्रवचनाला उभे राहिले आणि बाहेर पार्किंगमध्ये धडाड्, खर्रर्र, धडाड्! तो आवाज कोणाचा, हे अख्ख्या चर्चला माहीत आहे. माझ्या कन्येचा! नेव्हेन्का, वय त्रेचाळीस. सोमवार ते शुक्रवार रेलिंगच्या कारखान्यात वेल्डिंग करते, चांगली पोटापाण्याची नोकरी. आणि रविवारी चार चाकांच्या फळीवर, स्केटबोर्ड म्हणे, उभी राहून सिमेंटच्या लाल कडेवरून घसरते. सोबतीला पोस्टमन ऑक्टाव्हियो. टकला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे! नीट घसरता यावं म्हणून कडेला मेण फासतात. मेण कुठलं? माझ्या घरातल्या मेणबत्त्यांचं!

"देवाच्या दारातच तर आहे ना मी, आई," म्हणते. मग आत ये ना, मेले!

५ मार्च

चर्चच्या समितीत ठराव मांडला — कडेवर लोखंडी खुंट्या बसवा. फळी अडेल, विषय संपेल. एकमताने मंजूर! आमच्या सॅन पेद्रो चर्चमध्ये इतक्या झटपट कधी काही मंजूर झालं नव्हतं. घरी येऊन ग्लासभर वाइन घेतली. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, तरी घेतली.

११ मार्च

काम कोणाच्या कारखान्याला गेलं असेल? तिच्याच! तणतणत आली. "तुझा ठराव आणि माझं ड्रिल! झालं समाधान, आई?"

नाही म्हणून सांग, म्हटलं. सांगता येत नाही म्हणे. मागच्या वर्षी फळीवरून पडून मनगट मोडून घेतलं, महिनाभर काम बंद — तेव्हाच मालकाने बजावलंय. आणखी एक भानगड, की कायमची घरी.

मी तिला जेवायला वाढलं. तेही न रागावता. नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट!

१५ मार्च

बसवल्या. चौदा खुंट्या, दोरी लावल्यासारख्या एका ओळीत. कामात खोट नाही हो तिच्या. ऑक्टाव्हियो टपालाची पिशवी खांद्याला लावून समोरच्या फुटपाथवर उभा होता. टोपी हातात. जणू कोणाला पुरायलाच आलाय!

१७ मार्च, रविवार

प्रवचन अक्षर न् अक्षर ऐकू आलं. फारच रटाळ असतं की!

१९ मार्च

खुंट्या गायब!

फादर कडेशी उकिडवे बसले होते. "मिसेस बाकोटिच, टवाळांनी तोडल्या असत्या तर भोकं राहिली असती. इथे भोकं बुजवलीत, घासलीत, वर लाल रंगसुद्धा दिलाय. हे कारागिराचं काम." खुंट्यांचे स्क्रू साध्या पान्याने निघत नाहीत. खास पाना लागतो. तो कोणाकोणाकडे असतो, हे विचारायला उद्या संध्याकाळी कारखान्याच्या मालकाला फोन करणार आहेत.

मी तडक नेव्हेन्काच्या घरी गेले.

"अगं गाढवे, काढायच्याच होत्या तर तोडायच्या! एवढी सफाई कशाला?"

"खडबडीत राहिलं तर फळी अडकते, आई."

"आणि नोकरी?"

पावाचा तुकडा कुस्करत बसली. सोळा वर्षांची नोकरी. या वयात, त्या मनगटाची बाई दुसरं कोण ठेवून घेणार? वेल्डिंगखेरीज तिला काही येत नाही. घसरणं येतं!

पाना मागितला. दिला.

२० मार्च

दुपारीच मी फादरांकडे पापनिवेदनाला गेले, त्यांच्या फोनच्या आधी. तिथे कानावर पडलेलं धर्मगुरूला बाहेर कोणाला सांगता येत नाही, त्यावरून कोणाला फोनसुद्धा करता येत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नांनी हे छड्या मारून पाठ करून घेतलं होतं. सगळं सांगितलं. खुंट्या कोणी काढल्या ते. पाना माझ्या पर्समध्ये आहे ते.

जाळीपलीकडे फादर किरिनो पुढे सरकले. मग — "मिसेस बाकोटिच, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो, फादर. तेही पापांत धरा."