दोन काळे चांद

हेल्लेदाल, १४ ऑगस्ट

माझ्या थोरल्या भावा, आर्नफिन,

तू आणि सिग्ने दोघंही खुशाल असाल असं धरून चालते. तुमच्या बेटावर आता मासळी वाळवायचे मांडव रिकामे झाले असतील आणि त्यांच्या काठ्यांमधून नुसता वारा शिट्या घालत असेल. इकडे गवताची कापणी आटोपली. मेंढ्या अजून वर डोंगरात आहेत. संध्याकाळी वारा खाली वळला की त्यांच्या घंटा ऐकू येतात, कधी येत नाहीत, आणि आल्या की भास झाल्याचीच शंका येते. यंदाचा सगळा उन्हाळाच असा गेला. उजेड मावळायचं नाव घेत नाही, आणि माणूस जागेपणी स्वप्नात असल्यासारखा हिंडत राहतो.

बातमी तुझ्या कानावर आलीच असेल. यंदाच्या देशभरच्या नेमबाजी मेळाव्यात मी पहिली आले. आपल्या मंडळात आता वाद पेटलाय, मला नेमबाजांचा राजा म्हणायचं की राणी. कुणीतरी म्हणालं, "राजाच म्हणा, नाहीतर खुर्ची बदलावी लागेल." विजेत्याला बसवून खांद्यावरून मिरवतात ती सोनेरी खुर्ची तुला आठवते? लहानपणी आपण गोठ्यातलं दूध काढायचं स्टूल घेऊन एकमेकांना तसंच खांद्यावर मिरवायचो आणि तू मला दर वेळी शेणात पाडायचास. खरी खुर्चीही तेवढीच डुगडुगते बरं का. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. खाली नुसती टोप्यांची नदी. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला मात्र पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं.

चषक स्वयंपाकघरात खिडकीत ठेवलाय. पाव कापताना तो माझ्याकडे बघतो.

वर्तमानपत्रात फोटो आलाय. सिग्नेने पाहिला असेल तर तिच्या लक्षात आलं असेल की रायफल माझ्या डाव्या खांद्याला आहे. फोटो उलटा छापलेला नाही. गेली काही वर्षं मी डावखुरी झाले आहे. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, उजवा खांदा दुखतो. मंडळात सगळ्यांचा तोच समज होता. वयाच्या या टप्प्यावर नवा खांदा, नवा हात, नवा डोळा शिकवायचा म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. पहिल्या हिवाळ्यात माझ्या गोळ्या कागदावर कुठेही जायच्या. तू मला पहिल्यांदा पोटावर आडवं केलंस तेव्हाचं तुझं बोलणं मी मनात म्हणायचे: "ओढू नकोस. घोड्यावर बोट नुसतं ठेव आणि त्याची वाट बघ."

शेवटच्या फेरीचं सांगते. दुपार होती, उन्हाने मैदानावरची हवा थरथरत होती आणि वाऱ्याच्या छोट्या झेंड्या झोपल्या होत्या. तीनशे मीटरवर तो काळा गोळा. आपण त्याला काळा चांद म्हणायचो. शेवटच्या गोळीला तो चांद हवेत तरंगायला लागला, कडा विरघळल्या. मनात आलं, झालं, हाही गेला. मी रायफल खाली घेतली, डोळा मिटला. शेजारचा तरुण गडी आपल्या गोळ्या संपवून उठला तेही ऐकलं. मग परत खांद्याला लावली. चांद आपल्या जागी होता, गोल, शांत. ते नुसतं ऊन होतं. गोळी कधी सुटली ते मला कळलं नाही. लोकांच्या ओरडण्यावरून कळलं.

"हाही गेला" असं मी का म्हटलं, ते लिहायचं टाळत मी इथवर आले.

माझा उजवा डोळा गेलाय, आर्नफिन. कडेकडेचं दिसतं. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. सुरुवात कुंपणापासून झाली. खांब मध्येच वाकलेले दिसायचे. मी जाऊन हात लावून बघायचे, तर सरळ! मग एके दिवशी सरावाला काळा चांद पसरला, चिरला, आणि दोन झाले. मी आडवी होते तशीच पडून राहिले. मला तुझा आवाज ऐकू आला.

फार वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या सामन्यात तू म्हणाला होतास, "दोन दिसतायत. यातला कुठला माझा?" आणि मागून आपल्या मंडळाचे प्रमुख, तोर्शेलकाका, गरजले होते, "एक तुझा, एक बाटलीचा!" प्रमुखच हसले म्हटल्यावर सगळं मैदान हसलं. तुझी शेवटची गोळी शेजारच्याच्या लक्ष्यावर गेली, आणि हेल्लेदालमध्ये तू कायमचा 'बाटली-आर्नफिन' झालास. कॉफीपलीकडे काही न पिणारा तू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलास तो गेलासच.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "हे रक्तातून येतं. घरात आणखी कुणाला?" मी म्हटलं, "भावाला." त्यांनी विचारलं, "कधी कळलं?" मी म्हटलं, "मला आत्ता."

नाताळच्या कार्डांवर कितीतरी वर्षं सिग्नेचंच अक्षर असतं. मी समजत होते की तुझा राग अजून गेला नाही म्हणून तू लिहीत नाहीस. सिग्ने, तू हे त्याला वाचून दाखवत असशील तर इथे थांबू नकोस. त्याने हात झटकला तरी पुढे वाच.

खुर्चीवरून उतरवल्यावर माझ्या हातात ध्वनिक्षेपक दिला. अशा वेळी मंडळाचे, घरच्यांचे आभार मानायचे आणि खाली बसायचं, एवढीच रीत. मी म्हटलं, "मला नेमबाजी माझ्या भावाने शिकवली. आर्नफिन हेल्ले. तो दारू पिऊन मैदानात उतरला होता असं आमच्याकडे सांगतात. तो प्यायलेला नव्हता. त्याचा डोळा जात होता. मला माहीत आहे, कारण माझाही तसाच गेलाय. त्याला खरंच दोन दिसत होते." एवढंच. मग आपल्या खोऱ्याचे लोक बसले होते तिथे एकजण टोपी काढून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. हळूहळू सगळेच.

तोर्शेलकाका उठले नाहीत. आता त्यांची ऐंशी उलटून गेलीय. मला वाटलं, चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदानाजवळच्या माझ्या तंबूशी आले, काठी टेकत. मी कॉफी ओतली, तपकिरी चीज घालून वॉफल दिलं. त्यांनी कशाला हात लावला नाही.

"पोरी, मी गंमत केली होती," ते म्हणाले.

"सगळेच हसले, काका."

"तो नाही हसला." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "काय दिसतंय रे तुला, असं विचारायला हवं होतं मी. प्रमुख होतो ना मी? तेच माझं काम होतं." मग एकदम म्हणाले, "त्या बेटावर जायला बोट लागते म्हणे. बोटीत माझ्यासारखा म्हातारा ओकतो का?"

"सगळेच ओकतात, काका."

"मग हरकत नाही," असं म्हणून त्यांनी वॉफल उचललं.

मी त्यांना थांबवून ठेवलंय. म्हटलं, आधी मी जाते, तो काय म्हणतो ते बघते, मग तुम्ही.

तर मी येते आहे. मेंढ्या खाली उतरल्या की निघेन. नको म्हणायचं असेल तर सिग्नेला तसं लिहायला सांग, मी ऐकेन. पण आधी एवढं ऐक. डॉक्टरीणबाई म्हणतात, डावा डोळा अजून स्वच्छ आहे, किती काळ राहील ते सांगता येत नाही. त्या डोळ्याने मी चषक जिंकला, ते झालं. आता तो आहे तोवर मला तुझा चेहरा बघायचाय. तुला माझा दिसणार नाही, ठाऊक आहे. मी अगदी जवळ बसेन. हात लावून बघ.

तू शिकवलेली,
योरुन