झरीचे अंतर

डिचोली, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९९५

नव्या खाणीविरुद्धचा गावचा अर्ज आज फेटाळला गेला. मुदतही आजच संपली. कारण मी.

खाणीची हद्द आमच्या झरीपासून चारशे मीटरवर येते, असे अर्जात मी लिहिले होते. सोबतच्या नकाशाखाली माझ्याच आग्रहाने छापलेली ओळ : एक इंच म्हणजे शंभर मीटर. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली. तीन इंच.

"काय हो, तुमची झर चालत खाणीकडे गेली काय?" सगळे हसले. "खोटी अंतरे दाखवणाऱ्यांचा अर्ज मी घेत नाही."

तिथून थेट छापखान्यात गेलो. संगणकावर पाने जुळवणारी शैला म्हणाली, "काका, नकाशो पानात बसना जालो, म्हणून मात्सो ल्हान केलो. अक्षरां तुमचीं तशींच दवरलीं."

तिचा काय दोष? नकाशा आकसला, ओळ आकसली नाही. ओळीऐवजी नकाशातच मोजपट्टी रेखाटून घेतली असती, तर तीही नकाशाबरोबर लहान झाली असती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मुद्रिते तीनदा तपासली, स्वल्पविरामसुद्धा हलवले. पट्टी मात्र एकदाही लावली नाही. एक इंच म्हणजे शंभर मीटर!

संध्याकाळी खाणीच्या खुणेपासून झरीपर्यंत टेप टाकत मोजत गेलो. चारशेच. झरीवर शेजारची सातूकाकी कळशी भरत होती.

"बाब, कितें मोजता? आमचो अर्ज पावलो मरे?"

"पावला," म्हणालो आणि तिची कळशी उचलून दिली.

पावला होता, साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता, हे खरेच.