गुप्त खिडकीतला वाघ

सोमवार, २ मार्च

सकाळी सकाळीच डोकं फिरलं. नोटीसबोर्डावर नवा कागद. कंपनीचं इंटरनेट फक्त कामासाठी आहे, वापरावर देखरेख ठेवली जाते. खाली साहेबांची सही.

साहेबांचा राग नाही आला. ज्यांच्यामुळे ही पाळी आली त्यांचा आला. आमची कंपनी पंपाचे सुटे भाग बनवते. पण माणसं बघतात काय? हिशेबनीस, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तो भर दुपारी बुद्धिबळ खेळतो. दारातली फोनवाली बाई स्वेटरचे नमुने उतरवून घेते. फुकटची हवा आहे म्हणून किती घ्यावी माणसाने?

साहेब जाता जाता म्हणाले, काका, तुम्ही सगळ्यांत जुने, जरा लक्ष असू द्या. म्हणजे नेमणूकच झाली.

महिनाअखेर माझी नोकरी संपते. पण वर्षभराची मुदतवाढ मिळणारच. कुठल्या खणात कुठलं बेअरिंग, हे माझ्याशिवाय कोण सांगणार? आणि माझ्या स्टोअरमधून सही केल्याशिवाय साधा वॉशरसुद्धा बाहेर जात नाही. साहेबांना हे ठाऊक आहे.

संकल्प: ऑफिसातलं इंटरनेट धुऊन काढणे.

मंगळवार, ३ मार्च

हिने अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. म्हणाली, तुमच्याजवळ झोप लागत नाही, कारण तुम्ही... मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. कळतं मला. घोरणं. मी काय दूधखुळा आहे?

इतकी वर्षं चाललं, आता हिच्या कानांना काय झालं? राग राग आला. रात्रभर कुशीवर झोपायचा प्रयत्न केला. मान आखडली.

संकल्प: घोरणं बंद करणे. हिला न सांगता. एक दिवस आपोआप कळेल, मग बसेल चकित होऊन.

घरी इंटरनेट नाही. मीच येऊ दिलं नाही. घरात ते आलं की नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात. आमच्याकडे ते नाही, तरी ही बोलत नाही, पण त्याचं कारण वेगळं असणार.

गुरुवार, ५ मार्च

ऑफिसच्या इंटरनेटवर एक घशाचा मास्तर सापडला. टकला, गळ्यात टॉवेल. जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढतो आणि पोटातून गर्जना करतो. म्हणतो, रोज केलंत तर घोरणं गायब.

हा खासगी वापर नव्हे. मी नीट विचार केलाय. घोरणं थांबलं की झोप चांगली. झोप चांगली की काम चांगलं. म्हणजे फायदा कंपनीचाच. शिवाय फोन माझा आहे.

तरी खबरदारी घेतली. भाच्याने फोनमध्ये गुप्त खिडकी उघडायला शिकवलंय. तिच्यातून बघितलं की मागे काही उरत नाही. फोनचं नावही त्यानेच बदलून दिलं: स्टोअरचा वाघ. मी नको नको म्हणत होतो. फार नाही म्हटलं.

शुक्रवार, ६ मार्च

नेटवर्क सांभाळणारी मुलगी स्टोअरमध्ये आली. माझ्या मुलीच्या वयाची. वायर हवी होती. सही घेऊन दिली.

ती म्हणाली, काका, गुप्त खिडकी म्हणजे तुमचा फोन विसरतो एवढंच हं. आमचं यंत्र काही विसरत नाही. मी म्हटलं, पोरी, हे त्या चष्म्याला सांग. ती म्हणाली, त्याला सांगून झालं, आता तुम्हाला सांगतेय. मी म्हटलं, मला कशाला? तिने कपाळावर हात मारला. मग वायर घेऊन गेली.

आजकालच्या पोरांना वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं कळत नाही. पण मुलगी गुणी आहे. उपाशीच धावपळ करते. डब्यातलं अर्धं तिला दिलं.

मंगळवार, १० मार्च

फेरीला निघालो. चष्म्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर घोडा अडीच घरं चालला होता. असा खडसावला! तो म्हणाला, काका, जेवणाची सुट्टी आहे. सुट्टी तुला आहे, इंटरनेटला नाही, मी म्हटलं. त्याने खेळ मिटवला. असं एकेक वाक्य सुचतं मला.

फोनवाली बाई मला पाहून स्वेटर लपवते. दरारा बसतोय.

दुपारी गुप्त खिडकीत मास्तरचा दुसरा धडा. स्टोअरच्या मागच्या रॅकआड जीभ काढून सराव केला. गॅस्केट मागायला आलेला फिटर न मागताच पळाला. सही न केल्याबद्दल त्याला बोलवून झापलं.

खिडकीत आणखी एक गोष्ट विचारली. ती इथेही लिहीत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

आज जे घडलं त्याने तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांच्या मोठ्या खोलीत, भिंतीवरच्या टीव्हीसमोर, बाहेरगावचे गिऱ्हाईक बसले होते. मोठी ऑर्डर. ती खोली आणि माझं स्टोअर यांच्यात एकच भिंत. सगळ्यांनी शांत राहा असं मीच दोनदा ओरडून सांगितलं होतं.

मी मास्तरचा तिसरा धडा लावला. माझा वाचायचा चष्मा घरी राहिलेला, बारीक चित्र दिसेना. वर कोपऱ्यात एक चौकोनी खूण दिसली. दाबली. फोनने विचारलं, मोठा पडदा? अर्थातच मोठा. दाबलं. चित्रच गेलं! आवाजही नाही. हल्लीचे फोन म्हणजे निव्वळ डोक्याला ताप. आवाज वाढवला. काही नाही. अजून वाढवला. शेवटपर्यंत नेला. शुकशुकाट.

तेवढ्यात भिंतीपलीकडून गर्जना. अशी की रॅकवरचे नट थरथरले. गिऱ्हाइकांसमोर, साहेबांच्या खोलीत, कोणीतरी बेशरम माणूस वाटेल ते वाजवत होता!

माझं पित्त खवळलं. बिघडलेला फोन रागाने बंद करून खिशात कोंबला आणि तरातरा निघालो. दारापर्यंत पोचतो तोच आवाज बंद. माझी पावलं ओळखली असणार.

आत बघितलं तर साहेब लालबुंद. एक गिऱ्हाईक डोळे पुसतोय. दुसरा, चांगला जाडजूड, अजून जीभ बाहेर काढून बसलेला. मी साहेबांना तिथल्या तिथे शब्द दिला, या हरामखोराला मी शोधून काढतो.

शनिवार, १४ मार्च

विचार करून डोकं शिणलं. त्या वेळी जागेवर कोण नव्हतं? चष्मा. कुठे होता? म्हणे पाणी प्यायला. त्याला या महिन्यात बढती मिळायचीय, त्यामुळे डोकं हवेत.

एक गोष्ट लक्षात आली. आवाज माझ्या मास्तरच्या आवाजासारखाच होता. म्हणजे चष्माही घोरतो आणि त्याच मास्तरकडे शिकतो. क्षणभर पोराची कीव आली. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

मंगळवार, १७ मार्च

नेटवर्कवाल्या मुलीला गाठलं. म्हटलं, कोणत्या फोनवरून आलं ते तुझ्या यंत्रात असेल ना? ती म्हणाली, आहे. मग सांग नाव. ती म्हणाली, काका, जाऊ द्या ना, ऑर्डर तर मिळाली. ते जाडे गृहस्थ उलट त्या मास्तरचा पत्ता विचारत होते. मी म्हटलं, प्रश्न ऑर्डरचा नाही, शिस्तीचा आहे. ती म्हणाली, मी त्या दिवशीपासून साहेबांच्या खोलीतल्या मोठ्या पडद्याला कुलूप लावलंय, पुन्हा होणार नाही. त्या माणसाच्या नोकरीचे थोडे दिवस राहिलेत, कशाला नाव काढायचं?

थोडे दिवस! म्हणजे चष्म्याला दुसरीकडे नोकरी लागलीय आणि या पोरीला ठाऊक आहे. हिचं त्याच्याशी काहीतरी आहे. मी तोंडावर सांगितलं, तू गुन्हेगाराला पाठीशी घालतेयस. ती म्हणाली, हो काका, घालतेय.

किती हा निर्लज्जपणा! उद्यापासून डब्यातलं काही देणार नाही.

बुधवार, १८ मार्च

डब्यातलं दिलं. तोंड सुकलं होतं पोरीचं. पण बोललो नाही.

गुरुवार, १९ मार्च

थेट साहेबांकडे गेलो. चष्म्याचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, खात्री आहे? म्हटलं, डोळे मिटून. साहेब म्हणाले, मग त्याची बढती थांबवतो. मी म्हटलं, तेवढ्याने भागायचं नाही. सगळ्यांसमोर नाव उघड व्हायला हवं. आणि जो कोणी असेल त्याला बढती नाही, मुदतवाढ नाही, काही नाही. साहेब म्हणाले, वयाने मोठा असला तरी? मी म्हटलं, मग तर मुळीच नाही. मोठ्यांनीच असं केलं तर धाकट्यांनी कोणाकडे बघायचं?

साहेब भारावले. दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. मुदतवाढीचा कागद बहुतेक आजच निघणार.

सोमवार, २३ मार्च

मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. चष्मा कोपऱ्यात, चेहरा पांढराफटक. त्याची आई आजारी असते. मला वाईट वाटलं. म्हटलं, नंतर याला समजावू.

दाराशी मुलीने मला अडवलं. हळूच म्हणाली, काका, अजून वेळ आहे, साहेबांना सांगा की जाऊ दे. पण बढती चष्म्याची अडकणार असेल तर मला खरं दाखवावंच लागेल. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, दाखव! घाबरतेस कोणाला?

तिने दाखवलं.

मोठ्या पडद्यावर एकच ओळ. तेरा तारीख, आणि पुढे फोनचं नाव. स्टोअरचा वाघ.

पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी माझं नाव चोरलं. तसं बोलायला तोंड उघडलंही. मग ती चौकोनी खूण आठवली. आवाज शेवटपर्यंत नेलेला आठवला. तोंड तसंच उघडं राहिलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर रागावता आलं असतं. फोनवाल्या बाईने खुर्ची पुढे केली. चष्म्याने पाणी आणून दिलं. साहेब खाली बघत म्हणाले, काका, तुमचाच शब्द आहे, मी कसा मोडू?

मंगळवार, ३१ मार्च

शेवटचा दिवस. किल्ल्या दिल्या. किल्ल्यांसाठी चष्म्याकडून सही घेतली. त्याने मुकाट्याने केली.

नेटवर्कवाली मुलगी फाटकापर्यंत आली. म्हणाली, बाकीचं मी कोणाला दाखवलं नाही हं काका, पुसून टाकलं. मी गुरगुरलो, बाकीचं कसलं? ती म्हणाली, गुप्त खिडकीत तुम्ही विचारलं होतं ना, बायको माझ्याशी का बोलत नाही.

मला रस्ता दिसेना.

ती म्हणाली, ते तिथे विचारण्यापेक्षा घरी विचारा.

फार आगाऊ आहे पोरगी. रिकामा डबा तिच्या हातात ठेवून आलो. का ठेवला, माहीत नाही. उद्या परत आणायला जावं लागेल.

घरी हिला सगळं सांगून टाकलं. मास्तर, जीभ, गर्जना, वाघ. ही हसून हसून पदराने डोळे पुसायला लागली. मी भडकलो. म्हटलं, तुझ्यासाठी केलं हे सगळं, तुला घोरण्याचा त्रास नको म्हणून! ही एकदम थांबली. म्हणाली, अहो, घोरण्याची सवय झालीय मला, त्याशिवाय उलट झोप येत नाही. तुम्ही झोपेत माणसांवर ओरडता. सही कर, सही कर, कामचोर कुठला! रात्रभर छाती धडधडते. तेच सांगत होते त्या दिवशी, तुम्ही ऐकलंत कुठे?

मी म्हटलं, मी कधी ओरडतो? जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं.

संकल्प: काही नाही.

बुधवार, १ एप्रिल

रात्री ही अंथरूण घेऊन आत आली. म्हणाली, बघू, आता तर स्टोअर नाही.

सकाळी भीत भीत विचारलं, ओरडलो का? म्हणाली, ओरडलात. विचारलं, कोणावर? म्हणाली, ए वाघा, कामचोर कुठला, आधी सही कर! असं दोन-तीनदा.

मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, पण काल पहिल्यांदाच बरोबर माणसावर ओरडलात, म्हणून मी उठवलं नाही.