मोतीरामदादांचं सव्वा मिनिट

९ फेब्रुवारी २०२५, रविवार
आमच्या जॅझ ग्रुपच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग संपलं. नाव ‘बॅकवॉटर’. नाशिकमध्ये एवढं गंभीर काम आजवर झालेलं नाही. (शोधलं नाही, पण नसणार.) सॅक्सोफोन मी, ड्रम्स आणि मिक्सिंग सनी, क्लॅरिनेट मोतीरामदादा. दादांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये काढली. त्यांना जॅझमध्ये मी आणलं. शेवटच्या ट्रॅकमध्ये त्यांचा सव्वा मिनिटाचा सोलो आहे. एका टेकमध्ये वाजवून चहाला गेले. माझ्या सोलोला सतरा टेक लागले. खोलात जायचं तर वेळ लागतोच.

११ फेब्रुवारी
शेवटचा ट्रॅक घरी ऐकला. दादांच्या वाजवण्यात वरात डोकावते. बायको, शुभांगी, हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, हे कोण वाजवतंय, फार छान आहे. पुढे माझा सोलो आला तेव्हा तिने स्वयंपाकघरात जाऊन चटणीचा मिक्सर लावला. अल्बमच्या एकसंधपणाचा विचार करायला हवा.

१३ फेब्रुवारी
दादांचा सोलो काढला. सनी म्हणाला, सर, तोच तर जीव आहे. सनी चोवीस वर्षांचा आहे. निर्णय निव्वळ कलात्मक. दादांना उद्या सांगणार.

१४ फेब्रुवारी
सांगितलं नाही. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस निघाला. चांगल्या दिवशी कशाला.

१७ फेब्रुवारी, दु. १
दादांना फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, सर, माझं बरं झालंय ना, नसलं तर परत वाजवून देतो, लाजू नका. मी म्हणालो, उत्तम झालंय. नंतर जेवण गेलं नाही. बहुतेक ॲसिडिटी.

२४ फेब्रुवारी
अल्बम ऑनलाइन आला. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस वेळा ऐकला गेला. त्यातल्या तीसेक वेळा मीच. दादांचा फोन बटणांचा आहे, त्यावर ऐकता येत नाही. हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचं वाईट वाटलं.

२७ फेब्रुवारी
पुण्याच्या एका साइटवर परीक्षण! ‘सॅक्सोफोन जपून वाजवला आहे. शेवटच्या ट्रॅकमध्ये कुणीतरी यायचं राहून गेल्यासारखं वाटतं.’ म्हणजे माझा मिनिमलिझम पोहोचला. शुभांगीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, दादांना सांगितलंत का? तिला परीक्षणं वाचायची सवय नाही.

२८ फेब्रुवारी
दादांचा फोन. रविवारी त्यांच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात स्पीकर लावून सगळ्यांना अल्बम ऐकवायचाय. जन्मभर नवरदेवापुढं चालत वाजवलं, आता खुर्चीत बसून ऐकतो, म्हणाले. येतो म्हणालो. सुरू व्हायच्या आधी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं. दोन मिनिटांचं काम.

२ मार्च, रविवार
अकराला पोहोचलो. बाजूला घेणार तोच दादांनी सगळ्यांसमोर मला शाल घातली. अंगावर शाल असताना असलं काही सांगता येत नाही.

अल्बम लागला. साठ-सत्तर माणसं शांत बसून होती. शेवटच्या ट्रॅकला दादा सरसावून बसले. त्यांची जागा आली आणि गेली. माझा सॅक्सोफोन सुरू झाला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पीकरकडे पाहिलं.

शेजारच्या वत्सलाबाईंनी विचारलं, दादा, तुमचं कधी हाय? दादा म्हणाले, हे काय, चाललंय तेच की.

संपल्यावर टाळ्या थांबेनात. दोघातिघांनी दादांचे हात हातात घेतले. माझ्या सोलोला आयुष्यात टाळ्या पडल्या नव्हत्या. दादांच्या पत्नी पुतळाबाई तीस वर्षं त्यांची क्लॅरिनेट ऐकतायत, त्यांना काय कळलं नसेल? पण त्याही टाळ्या वाजवत होत्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

निघताना वत्सलाबाई म्हणाल्या, सर, तुमचं नाय का यात काही?

म्हटलं, होतं. बरं झालं नव्हतं, म्हणून काढलं.