डीपी रोडवरचे पट्टे

६ जानेवारी, सोमवार
अर्ज दिला! सोसायटीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन मी आणि धम्मदीप — आमच्याच बिल्डिंगमधला, कॉलेजलाही सोबत — वॉर्ड ऑफिसला गेलो. मागणी सिंपल. आमच्या गेटसमोर झेब्रा क्रॉसिंग आणि स्पीडब्रेकर. डीपी रोडवर टँकर, बस, सगळे सुसाट. बुद्धविहार पलीकडे, दवाखाना पलीकडे. तळमजल्यावरच्या विमलामावशी गेटपाशी नुसत्या उभ्या असतात, कोणी हात धरून नेईल म्हणून.

साहेबांनी अर्ज उघडलाही नाही.
"किती गेले तिथे?"
"अजून कोणी नाही, सर."
"मग आनंद आहे की!"

९ जानेवारी
परत गेले. साहेब मीटिंगमध्ये.

१० जानेवारी
आज भेटले. "बजेट नाही. पुढच्या वर्षी बघू."
मावशी म्हणाल्या, "जाऊ दे गं, मला असं कुठे रोज जायचंय." रोज जायचं असतं त्यांना! विहारात. मला माहितीये.

१२ जानेवारी, रविवार
केलं!! आम्हीच केलं! उजाडताच. धम्मदीपच्या काकांच्या दुकानातला पांढरा रोडपेंट, रोलर, टेप. वॉचमन सर्जेरावकाका लाल टॉवेल हलवून गाड्या अडवत होते. पट्टे एकदम सरळ आलेत, खऱ्यासारखे!
आई — "पोलिसांनी नेलं तर डबा आणणार नाहीये मी." पण गॅलरीतून बघत होती.

१५ जानेवारी
मावशी एकट्या विहारात गेल्या!! हवालदारासारखा हात वर करून. आल्यावर मला शेंगदाण्याचा लाडू. "आता कोणाची वाट बघायला नको बाई."
गाड्या थांबत नाहीत तशा. थोड्या स्लो होतात. लागेल सवय.

२० जानेवारी
अर्जाच्या दिवशीच टाकलेली ऑनलाइन तक्रार आज क्लोज. 'पाहणी केली असता सदर ठिकाणी पादचारी पट्टे अस्तित्वात असल्याचे आढळले.' धम्मदीप हसून हसून खाली बसला. स्पीडब्रेकरचं नावच नाही. फोन केला तर — "क्रॉसिंग आहे ना मॅडम? अजून काय रेड कार्पेट पाहिजे?"
काय सांगणार? ते आम्ही रंगवलंय म्हणून? फोन ठेवला.

२३ जानेवारी
टँकर. विमलामावशी. पट्ट्यांवरच.
नाही लिहवत.

२४ जानेवारी
कमरेचं हाड मोडलंय, डोक्याला मार. अजून शुद्ध नाही. सर्जेरावकाका म्हणतात, मावशी थांबल्याच नाहीत. आधी गाडी बघून मग निघायच्या. काल हात वर केला आणि सरळ चालायला लागल्या.
रोलर अजून आमच्या गॅलरीत आहे. आईने त्यावर पोतं टाकलंय.

२६ जानेवारी
मावशी शुद्धीवर आल्या. सारखं एकच — "मी नियमानेच चालले होते गं."
टँकरवाला म्हणतोय, तिथे क्रॉसिंग नाहीच. मावशींची मुलगी, हिराताई, माझा हात धरून म्हणाली, "तू सांग ना पोलिसांना. सरकारी पट्टे आहेत म्हणून. तू शिकलेली, तुझं ऐकतील."
हो म्हणाले.