मत मागायला लाजणारा उमेदवार

सालमिया, कुवेत
१९ एप्रिल १९६३

ताहिरास मजीदभाईचा सलाम व दुआ.

तुझी पत्रं येऊनही इतके दिवस उत्तर दिलं नाही, माफ कर. काय लिहावं तेच ठरत नव्हतं. मी बरा आहे. उकाडा अजून सोसवतो.

बर्मिंगहॅमच्या तुमच्या घराची काच कुणी तरी फोडली, तेव्हा हारूनला नगरपालिकेच्या निवडणुकीतून माघार घ्यायला सांगा, असं तू लिहितेस. तुझा नवरा माझं ऐकतो, हे खरं.

पण त्याचंही पत्र आलंय. स्वतःसाठी पद मागणं आपल्यात हलकं मानतात, म्हणून तो दारोदार जाऊन लोकांची खुशाली विचारतो आणि समोरच्या उमेदवाराचीच तारीफ करतो! एक गोरी म्हातारी म्हणाली, "अरे बाबा, मग मत देऊ कुणाला?" हा म्हणतो, "कुणालाही द्या, पण गल्लीत दिवे लावायचं आधी कबूल करून घ्या." आता तीच त्याच्यासोबत फिरते आणि त्याच्या वतीने मतं मागते.

मला परदेशी म्हणून इथे मत नाही, म्हणून त्याच्या उभं राहण्याचं मला जास्त अप्रूप वाटतं की काय, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दगड काही माझ्या खिडकीवर पडलेला नाही. तरीही 'माघार घे' असं लिहायला हात धजत नाही. रागावू नकोस.

अम्मांचा खोकला कसा आहे? तुझी जमिला शाळेत रमली का?

तुझा भाई,
मजीद

ता. क. उद्याचं काम वहीत टिपलंय: हारूनला तार करणे, "उभा राहा, पण अंधार पडायच्या आत घरी येत जा."