झुलवोल्डांच्या तळघरातले पाय

१ ऑक्टोबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी, न चुकता. ब्रॉकमायर आयटी सर्व्हिस (म्हणजे मी एकटाच) ही लेमगोतली सर्वांत भरवशाची कंपनी आहे, हे माझं प्रामाणिक मत. छोट्या धंद्यांचे कॉम्प्युटर आणि त्यातला डेटा आम्ही सांभाळतो. गेल्या वर्षी नऊ गिऱ्हाइकं होती, आता दोन आहेत. दर्जा वाढला की संख्या घटणारच. एक नाचाचा क्लास. दुसरे झुलवोल्डसाहेब, अधू पायांसाठी मापाचे बूट करणारे. माझे तळपाय सपाट, त्यामुळे माझे बूटही त्यांच्याकडचेच. त्यांचा करार २५ तारखेला संपतोय. बायको मारायके म्हणाली, झुलवोल्ड गेले की तू माझ्या भावाच्या टाइल्सच्या दुकानात. मी हसलो. ती हसली नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
झुलवोल्डांकडे नवा करार देऊन आलो. चोवीस पानी. साहेब कुणाचा तरी पाय मांडीवर घेऊन बसले होते, वर पाहिलंच नाही. ऑफिस टिमरमानबाई बघतात, त्यांच्याकडे ठेवला. बाई म्हणाल्या, अहो, खालचं कॉम्प्युटरचं मशीन कॉफी दळल्यासारखं करकरतंय. मी त्यांना फोनवर मशीनची स्थिती दाखवली, सगळं हिरवं. हिरवं असताना आवाज येणं हा मनाचा खेळ असतो.
बारा वाजता बाईंनी शिस्तीत बॅकअपची डिस्क काढली, बिस्किटांच्या डब्यात घातली आणि सायकलवरून घरी नेली. सोमवारी परत आणतात. उद्या दुकान जळलं तरी डेटा बाईंच्या फ्रिजवर सुखरूप. कल्पना माझी. दोन वर्षांत बाईंनी एकही शुक्रवार चुकवला नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.५०
बाईंचा फोन. मशीन बंद पडलंय. म्हणजे आवाजही थांबला असणार. जातो, बॅकअप चढवतो, दहाला कॉफी.

९.३०
मशीनमधली डिस्क कायमची गेली. हरकत नाही. बाई डबा घेऊन उभ्याच होत्या. म्हटलं, बघा, याच दिवसासाठी हा खटाटोप.

१०.०५
डब्यात डिस्क आहे. डिस्कमध्ये काही नाही.

११.१५
कळलं. बॅकअप मी शनिवारी पहाटे दोनला लावला होता, कारण तेव्हा दुकानात कुणी नसतं. डिस्कही नसते. ती बाईंच्या फ्रिजवर असते. बाई एकदा जरी ती न्यायला विसरल्या असत्या तर आज वाचलो असतो. माणसानं इतकं काटेकोर असू नये.

११.४०
रिपोर्ट येत होते म्हणे. बॅकअपचे मेल परस्पर 'ठीक' नावाच्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय मीच केली होती. आत एकशे चार मेल. प्रत्येकात तेच: डिस्क सापडली नाही.
बाईंना सांगितलं, थोडी तांत्रिक विसंगती आहे. त्या म्हणाल्या, म्हणजे नाहीये ना?

८ ऑक्टोबर, मंगळवार
मेलेली डिस्क लॅबला पाठवली. मग एकदम आठवलं: जुनी कार्डं! तीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या पावलांचे पेन्सिलनं काढलेले आकार, खाली नाव-पत्ता. कपाट उघडायला सांगितलं. बाई म्हणाल्या, ती तुम्हीच नाही का फाडायला लावलीत, डेटा संरक्षण म्हणून? फाडायचं यंत्रही तुम्हीच आणलं होतं की. खरं आहे. प्रमाणपत्र कपाटाच्या वरच टांगलंय, फ्रेममध्ये, माझ्या सहीचं.

९ ऑक्टोबर, बुधवार
तळघरात उतरलो. पायांचे लाकडी साचे, सहाशे बारा जोड, छतापर्यंत. पूर्वी प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव असायचं. ते मी घासून काढायला लावलं होतं, कारण उद्या चोर शिरला तर कुणाचा अंगठा वाकडा आहे हे त्याला कळेल. नावाच्या जागी नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते कॉम्प्युटरमध्ये. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हे मी फक्त इथे लिहितोय.
साहेब जिना उतरून आले. म्हणाले, म्हणजे माझ्या घरात सहाशे बारा माणसं आहेत आणि एकालाही नाव नाही. वर ओर्टमानबाई बसल्यात, साखरेनं पाय सडत चाललाय, त्यांना मी काय सांगू? आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
लॅबचा फोन. काहीही निघणार नाही. नाचाच्या क्लासचा मेल: करार थांबवत आहोत. लेमगो लहान गाव आहे. मला भीती वाटतेय. मारायकेला सांगितलं, सगळं आटोक्यात आहे. तिनं भावाच्या दुकानाचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला.

१४ ऑक्टोबर, सोमवार
साहेब तळघरात स्टूल टाकून बसलेत. साचा हातात घेतात, अंगठ्यानं चाचपतात आणि नाव सांगतात. हा ब्रूनो, टपालवाला, डावा घोटा दोनदा मोडला. ही ओर्टमानबाई, पाय धड नाही पण टाच उंच हवी म्हणून भांडते. टिमरमानबाई लिहून घेतात, फोन करून पडताळतात. मी टॉर्च धरतो. एकही नाव चुकलं नाही. ही जवळपास मीच उभी केलेली यंत्रणा आहे. जाहिरातीच्या पत्रकात हिला 'हस्तचलित डेटा पुनर्प्राप्ती' म्हणेन.

२३ ऑक्टोबर, बुधवार
साडेपाचशे झाले. बाईंनी आज मला बिस्किट दिलं. करार टिकणार, आता खात्री आहे. शर्ट कपाटात ठेवून दिला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
संपलं. एकच जोड उरला. साहेबांनी तो तीनदा चाचपला आणि म्हणाले, हा पाय माझ्या ओळखीचा नाही. बाई म्हणाल्या, वारलं असेल कुणी. मी म्हणालो, सहाशे बारात एक, हे प्रमाण नगण्य आहे. साहेब माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, काढा जरा.
जुळला. अगदी टाचेपर्यंत.
म्हणाले, पाय हातात घेतला की माणूस बोलायला लागतो, त्यावरून तो माझ्या लक्षात राहतो. तुम्ही सगळा वेळ फोनवर होतात. सगळं हिरवं आहे, हिरवं आहे, म्हणत होतात.
मी हळूच कराराचं विचारलं. बाईंनी दाखवला. चोवीसही पानं पाठकोरी होती, तळघरात नेताना तोच गठ्ठा हाताशी लागला, असं म्हणाल्या. मागच्या बाजूनं सगळी नावं, पुढच्या बाजूला सहीची जागा कोरी. सर्वांत शेवटी त्यांनी माझं नाव लिहिलं.
बारा वाजले. बाईंनी कागद डब्यात घातले आणि सायकलवर टांग टाकली. साहेब म्हणाले, चालला आमचा बॅकअप.
सोमवारी आठला टाइल्सचं दुकान. दिवसभर उभं राहायचं काम आहे. बूट मात्र चांगले आहेत.